जॅकेटच्या आतली पट्टी काय सांगते? दुचाकीस्वाराच्या संरक्षक पोशाखाची निवड

दुचाकीवर घालण्यासाठी खास बनवलेले जॅकेट उलटे करून पाहिले, की आतल्या शिवणीजवळ एक लहान पट्टी सापडते. तिच्यावर चौकटीत दुचाकीस्वाराचे चित्र असते, ‘ईएन १७०९२’ असा क्रमांक असतो आणि त्याच्या आसपास ‘ए’, ‘एए’ किंवा ‘एएए’ यांपैकी काहीतरी छापलेले असते. कोपराच्या कप्प्यातला पॅड बाहेर काढला, तर त्यावरही एक क्रमांक, ‘ई’ हे अक्षर आणि १ किंवा २ हा आकडा दिसतो. जॅकेट घेणारे बहुतेक जण रंग पाहतात, खिसे मोजतात, आरशासमोर उभे राहून खांदे नीट बसले का ते तपासतात आणि ही पट्टी न वाचताच पैसे देतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण या अक्षरांचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. आपण पडलो तर या कपड्याकडून कोणती अपेक्षा ठेवायची, हे मात्र त्या संपूर्ण जॅकेटवर फक्त त्याच पट्टीवर लिहिलेले असते.

ती भाषा उलगडण्याआधी पडताना शरीराचे काय होते ते समजून घ्यावे लागते. संरक्षक पोशाखातल्या प्रत्येक वस्तूला एक किंवा दोनच कामे नेमून दिलेली असतात. एका कामात उत्तम असलेली वस्तू दुसऱ्या कामात पूर्णपणे निरुपयोगी ठरू शकते, आणि निवडीतल्या बहुतेक चुका हा फरक न कळल्यामुळे होतात.

पडणे आणि घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

समजा, एक स्वार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना वाळूवरून चाक घसरते आणि तो खाली येतो. त्याचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून खाली यायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि जमिनीला टेकताना डोक्याचा खाली येण्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा खाली येण्याचा वेग उंचीवर अवलंबून असतो, गाडीच्या वेगावर नाही. स्वार ताशी ३० ने जात असो वा ८० ने, सरळ खाली पडण्याचा दणका जवळपास तेवढाच बसतो.

गाडीचा वेग नाहीसा झालेला नसतो; तो आडव्या दिशेने शिल्लक असतो आणि रस्त्यावर घासत घासत संपतो. ताशी ६० च्या वेगाने कोरड्या डांबरावर घसरणारे शरीर थांबेपर्यंत साधारण २० ते २५ मीटर अंतर कापते आणि त्याला जवळपास तीन सेकंद लागतात. डांबरी रस्ता म्हणजे अंथरलेला जाडाभरडा काचकागदच. सुतार लाकडाचा तुकडा काचकागदावर दाबून तीन सेकंद वेगाने घासतो तेव्हा काय उरते ते आठवले, म्हणजे या तीन सेकंदांचा अर्थ कळतो. वेग दुप्पट झाला तर घसरण्याचे अंतर चौपट होते.

तिसरी शक्यता सर्वांत वाईट असते. घसरणारे शरीर रस्त्याच्या कडेच्या दगडावर, खांबावर किंवा दुसऱ्या वाहनावर आदळते आणि अंगात शिल्लक असलेला सगळा वेग एका क्षणात संपतो. येथे पोशाखाची मदत सर्वांत कमी होते, ही गोष्ट आरंभीच प्रामाणिकपणे सांगून ठेवायला हवी.

थोडक्यात, दणका शोषण्याचे काम पॅडचे आणि हेल्मेटच्या आतल्या थराचे. घासण्यापासून वाचवण्याचे काम कापडाचे, चामड्याचे आणि शिवणीचे. या दोन्ही कामांच्या आधी एक तिसरे काम असते, ज्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते: पडल्यावर ती वस्तू अंगावर जागच्या जागी राहिली पाहिजे.

हेल्मेट डोके वाचवते ते स्वतः चेपून

क्षेत्ररक्षक वेगाने आलेला चेंडू पकडताना हात मागे ओढतो. चेंडूचा वेग तेवढाच असतो, पण तो थांबण्यासाठी अधिक अंतर मिळते आणि तळहाताला बसणारा मार कमी होतो. हेल्मेट हेच काम करते. बाहेरचे कठीण कवच दणका पसरवते आणि टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. हात मागे ओढण्याचे काम त्याच्या आतला थर्माकोलचा थर करतो. आदळताना तो चेपतो आणि डोक्याला थांबण्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटर अंतर मिळवून देतो.

या दोन-अडीच सेंटिमीटरची किंमत एका साध्या गणितातून कळते. ताशी २० किलोमीटर वेगाने येणारे डोके दोन मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेसातशे पट मंदन येते, म्हणजे त्याचा वेग तितक्या झपाट्याने कमी होतो. तेच डोके २५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर हा आकडा साठच्या आसपास येतो. एका बाजूला प्राणघातक इजा आणि दुसऱ्या बाजूला डोकेदुखी, एवढा फरक या थोड्याशा थर्माकोलमुळे पडतो.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराचा मार खाल्लेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी निकामी झालेले असते. आणि आतला मऊ कापडी गादीचा भाग कितीही गुबगुबीत असला, तरी त्याचा संरक्षणाशी फारसा संबंध नसतो. दुकानात अंगठ्याने दाबून ‘किती मऊ आहे’ असे म्हणत निवड करणे व्यर्थ आहे.

हेल्मेटची कहाणी ज्या मृत्यूशी जोडली गेली आहे, तो १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पहिल्या महायुद्धातल्या अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी दुसऱ्या महायुद्धात मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणाऱ्या सैनिकांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानंतर पुराव्यांची भर पडतच गेली. २००८ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष निघाला.

हेल्मेटवरची चिन्हे आणि ताशी २७ किलोमीटरचे कोडे

हेल्मेटच्या मागे किंवा पट्ट्यावर मानकाचे चिन्ह असते. मानक म्हणजे वस्तूने प्रयोगशाळेत उत्तीर्ण व्हायची ठरलेली परीक्षा. भारतात आयएस ४१५१ या मानकासाठी आयएसआय चिन्ह असते, अमेरिकेत ‘डॉट’ आणि युरोपसह अनेक देशांत ‘ईसीई २२’. ईसीईच्या जुन्या आवृत्तीतल्या परीक्षेत हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर, वेगाने लोखंडी ऐरणीवर आदळवले जात असे. हा आकडा वाचून अनेक जण दचकतात आणि विचारतात, की मी ताशी ८० ने जातो, मग ताशी २७ ला तपासलेले हेल्मेट माझ्या काय कामाचे?

उत्तर वर येऊन गेलेच आहे. दीड मीटरवरून पडणाऱ्या डोक्याचा जमिनीच्या दिशेचा वेग ताशी २० च्या आसपास असतो, म्हणून परीक्षेचा वेग त्याहून थोडा अधिक ठेवलेला असतो. गाडीचा वेग बहुतांशी घसरण्यात खर्च होतो. तरीही आक्षेपात थोडे तथ्य होते. घसरताना डोके तिरके आदळते आणि त्याला हिसका बसून ते गरकन फिरते, आणि मेंदूच्या काही गंभीर इजा या फिरण्यामुळे होतात. २०२१ पासून लागू झालेल्या ‘२२.०६’ या आवृत्तीत त्यामुळे तिरक्या पृष्ठभागावर आदळवण्याची परीक्षा आली, आणि सरळ आदळण्याची परीक्षा कमी व जास्त अशा दोन्ही वेगांनाही घेतली जाऊ लागली. निवडीला वाव असेल तर ‘२२.०६’ पाहून घ्यावे.

पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्यावे की अर्धे, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. जर्मनीतील संशोधक डिटमार ओटे यांनी अपघातात सापडलेल्या हेल्मेटवर मार कुठे बसला याची नोंद केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात आढळले. अर्ध्या हेल्मेटमध्ये नेमका तोच भाग उघडा असतो.

मापाबद्दल थोडे सविस्तर. भुवयांच्या किंचित वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवून घेर मोजावा. नवे हेल्मेट गालांना इतके घट्ट बसावे, की ते हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवले असता गालाची कातडी सोबत ओढली जावी. ते पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर ठेवावे. कपाळावर एकाच जागी दुखू लागले, तर माप बरोबर असले तरी त्या हेल्मेटचा आकार आपल्या डोक्याचा नाही. शेवटी पट्टा लावून, मागची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ढकलून पाहावे. ते निघून आले, तर अपघातातही निघून येईल. पट्टा न लावलेल्या हेल्मेटबद्दल यापेक्षा वेगळे काही सांगावे लागत नाही.

हेल्मेटमुळे मान मोडते, ही समजूत जुनी आहे. वाढलेल्या वजनामुळे मानेवर ताण येईल, हा तर्क वरवर पटतो. परंतु अमेरिकेतील अपघातग्रस्तांच्या राष्ट्रीय नोंदींमधील ४० हजारांहून अधिक मोटारसायकल अपघातांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या मणक्याच्या इजांचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमीच आढळले.

कापड: तीन सेकंदांची परीक्षा

साधी सुती जीन्स अंगाला जाड लागते, म्हणून अनेकांना ती पुरेशी वाटते. घर्षणाच्या यंत्रावर तिला साधारण एका सेकंदाच्या आसपास भोक पडते. उरलेले दोन सेकंद गुडघ्याची आणि मांडीची कातडी रस्त्यावर असते. व्यायामाचे पातळ पॉलिएस्टरचे कपडे तर याहून वाईट, कारण घर्षणाच्या उष्णतेने ते वितळून जखमेत चिकटतात. वर जॅकेट असले तरी त्वचेलगत असे कपडे घालू नयेत.

आता त्या पट्टीकडे वळू. ‘ईएन १७०९२’ हे दुचाकीस्वाराच्या कपड्यांसाठीचे युरोपीय मानक आहे. त्याच्या परीक्षेत कापडाचा नमुना फिरणाऱ्या दांड्याला लावून काँक्रीटवर सोडतात आणि तो थांबेपर्यंत त्याला भोक पडते का ते पाहतात. शरीराचे सर्व भाग सारखे घासत नाहीत, म्हणून कपड्याचे विभाग पाडलेले असतात. खांदे, कोपर, नितंब, गुडघे हा सर्वांत जास्त धोक्याचा विभाग. या विभागासाठी सुरुवातीचा वेग ‘एएए’ वर्गात ताशी १२०, ‘एए’ वर्गात ताशी ७० आणि ‘ए’ वर्गात ताशी ४५ किलोमीटर ठेवतात. हे आकडे कपड्यांची आपापसात तुलना करण्यासाठी आहेत. ‘एए’ म्हणजे ताशी ७० पर्यंत काहीच होणार नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

‘बी’ आणि ‘सी’ या दोन वर्गांनी मात्र हमखास फसगत होते. ‘बी’ वर्गाच्या कपड्यात घर्षणापासून संरक्षण असते, पण दणका शोषणारे पॅड नसतात. ‘सी’ वर्गात उलटे असते: जाळीदार बनियनमध्ये पॅड बसवलेले असतात, पण जाळी घर्षणाला टिकत नाही. ‘सी’ वर्गाचा कपडा भक्कम जॅकेटच्या आत घालण्यासाठी असतो. तो शर्टावरून घालून फिरणारे अनेक जण दिसतात, आणि पॅड सगळीकडे दिसत असल्यामुळे त्यांना आपण पुरते सुरक्षित आहोत असे वाटत असते.

चामडे चांगले की कृत्रिम कापड? एक मिलिमीटरहून थोडे जास्त जाड, चांगले कमावलेले चामडे घर्षणाला आजही फार उत्तम टिकते, पण ते जड असते, उकडते आणि पावसात भिजते. जाड नायलॉन किंवा ॲरामिड (केवलारसारखा भक्कम कृत्रिम धागा) यांचे कापड हलके असते आणि त्यात हवा व पाणी यांची सोय करता येते. रोज वापरण्यासाठी चांगल्या वर्गाचे कृत्रिम कापड बहुतेकांना सोयीचे पडते. निवड कोणतीही असो, शिवणीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. उत्तम कापड एकेरी शिवणीने जोडलेले असेल, तर कापड फाटण्याआधी शिवण उसवते आणि कपडा उघडा पडतो. दोन्ही बाजूंचे कापड हातात धरून शिवण हलकेच ताणावी; टाक्यांमधून फट दिसू लागली, तर तो कपडा परत ठेवावा. धोक्याच्या विभागात दुहेरी किंवा तिहेरी शिवण हवी, आणि तिच्यातली किमान एक ओळ कापडाच्या घडीत लपलेली हवी, म्हणजे बाहेरचा धागा रस्त्याने खाल्ला तरी आतला टिकतो.

पॅड किंवा आर्मर

दणका शोषणाऱ्या पॅडला दुचाकीस्वार आर्मर म्हणतात. चांगले आर्मर हाताला मऊ लागते, म्हणून नवख्याला त्याच्याबद्दल शंका येते. पाण्यात हात हळूच घातला तर तो सहज आत जातो आणि जोरात थापट मारली तर पाणी फळीसारखे लागते. या पॅडचा पदार्थ तसाच वागतो. एरवी तो शरीराबरोबर वाकतो आणि दणका बसताच कडक होऊन तो पसरवतो.

आर्मरवरचा क्रमांक ‘ईएन १६२१’ असतो. त्यापुढचे अक्षर जागा सांगते: ‘एस’ खांदा, ‘ई’ कोपर, ‘एच’ नितंब, ‘के’ गुडघा, ‘बी’ने संपणाऱ्या खुणा पाठ. १ किंवा २ हा आकडा संरक्षणाची पातळी सांगतो. परीक्षेत पाच किलोचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून पॅडवर पाडतात आणि खाली किती जोर पोहोचला ते मोजतात. हातापायांच्या पॅडमध्ये पहिल्या पातळीला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत, दुसऱ्या पातळीला २० पर्यंत मुभा असते. पाठीच्या पॅडमध्ये हेच आकडे १८ आणि ९ आहेत. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलो वजनाचा भार. पाठीसाठी दुसरी पातळीच घ्यावी असे मला वाटते, कारण तेथे दोन पातळ्यांमधला फरक दुपटीचा आहे आणि अंगावरच्या वजनातला फरक फारच थोडा.

येथे एक गोष्ट आवर्जून तपासावी. ‘ए’पासून ‘एएए’पर्यंतच्या वर्गांतील जॅकेटला खांद्याचे आणि कोपराचे पॅड असावे लागतात, पाठीचा पॅड असलाच पाहिजे असे बंधन नाही. अनेक चांगल्या जॅकेटच्या पाठीच्या कप्प्यात नुसत्या स्पंजचा तुकडा असतो. तो बाहेर काढून पाहावा. त्यावर कोणताही क्रमांक नसेल, तर तो पॅड नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका वळणावर खडीवरून माझी गाडी घसरली, तेव्हा वेग जेमतेम ताशी ३० असेल. गुडघ्याला पट्ट्यांनी बांधायचे पॅड होते, दुसऱ्या पातळीचे, व्यवस्थित क्रमांक असलेले. उठून पाहिले, तर उजवा पॅड गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला फिरून पोटरीवर आला होता आणि गुडघ्यात बारीक खडी रुतलेली होती. पॅड कोरा करकरीत राहिला, त्यावर ओरखडाही नव्हता. त्या दिवसापासून मी पॅडची पातळी पाहण्याआधी तो हाताने धरून पिळून पाहतो: जॅकेटची बाही कोपरावर धरून फिरवावी, पँटचा गुडघा धरून फिरवावा. पॅड हाडावरून सरकला तर कपडा सैल आहे. आणि हे उभे राहून पाहण्यात अर्थ नाही. गाडीवर बसल्यासारखे बसून, हात पुढे करून पाहावे, कारण गुडघे वाकले की पँट वर चढते आणि पॅड त्याबरोबर वर जातो.

आर्मरची मर्यादाही सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी २१२ अपघातग्रस्त स्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. संरक्षक जॅकेट, पँट आणि हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता स्पष्टपणे कमी होती आणि खरचटणे, कापणे यांसारख्या इजांपासून मोठा बचाव झाला होता. हाडे मोडण्याबाबत तसा ठोस फरक दिसला नाही. त्याच अभ्यासात संरक्षक म्हणून विकलेल्या जॅकेट, पँट आणि हातमोजे या प्रत्येक प्रकारात चारांपैकी किमान एक अपघातात फाटलेले आढळले. पट्टी वाचण्याचा आग्रह मी का धरतो, ते या आकड्यावरून ध्यानात येईल.

छाती आणि मान यांच्यासाठी आता हवेची पिशवी असलेली बनियनेही मिळतात. काही गाडीला दोरीने जोडलेली असतात, तर काही संवेदकांवर चालतात, आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात फुगतात. पडायला लागणारा अर्धा सेकंद त्यांना पुरतो. मोटोजीपी या मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींमध्ये २०१८ पासून ती सक्तीची आहेत.

हात आणि घोटे

पडताना प्रत्येक माणूस हात पुढे टेकवतो. ही प्रतिक्रिया विचारपूर्वक थांबवता येत नाही. त्यामुळे तळहात सर्वांत आधी रस्त्याला लागतो, आणि तळव्याच्या बुडाशी, अंगठ्याच्या बाजूला असलेले नौकेच्या आकाराचे एक छोटे हाड मोडण्याची शक्यता असते. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते जुळायला फार वेळ घेते. चांगल्या हातमोज्यात याच जागी गुळगुळीत कठीण तुकडा असतो. सामान्य चामडे रस्त्याला धरून ठेवते आणि मनगट मागे मुरगळते; तो गुळगुळीत तुकडा हात पुढे सरकू देतो. हातमोज्यांचे मानक ‘ईएन १३५९४’ आहे, आणि ‘केपी’ ही खूण असेल तर बोटांच्या सांध्यांवरचे कवचही तपासलेले असते. मनगटाचा पट्टा नसलेला हातमोजा घेऊच नये. पट्टा लावल्यावर बोटांची टोके धरून जोरात ओढावे; हातमोजा निघाला, तर रस्ताही तो काढून घेईल.

बुटांच्या बाबतीत घोटा झाकला जाणे ही पहिली अट. गाडी पायावर पडते तेव्हा तळवा दोन्ही बाजूंनी दाबला जातो, म्हणून तळ आडव्या दिशेने वाकणारा नसावा. बूट दोन हातांत धरून टाच आणि चवडा विरुद्ध दिशांना पिळून पाहावा. कापडी बूट फडक्यासारखा पिळला जातो. ‘ईएन १३६३४’ या मानकाच्या बुटांवर चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. ते अनुक्रमे बुटाची उंची, घर्षण, कापले जाणे आणि आडवा दाब यांबद्दल सांगतात. नाडीचा बूट असेल तर नाडी आत खोचायची सोय पाहावी, कारण मोकळी नाडी गिअरच्या दांडीत अडकली तर थांबताना पाय खाली टेकता येत नाही.

पण मी तर हळू चालवतो

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे. १९८१ मध्ये हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखालील पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची घटनास्थळी जाऊन केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात अपघाताच्या क्षणीचा मधला वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर निघाला. म्हणजे निम्मे अपघात त्याहूनही कमी वेगाला झाले होते. घरापासून थोड्याच अंतरावर, रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेगाने जाताना माणसे पडतात. आणि वर पाहिल्याप्रमाणे डोक्याला बसणारा दणका कमी वेगातही कमी होत नाही.

उकाड्याचा आक्षेप याहून खरा आहे, आणि त्याला उडवून लावणे अन्यायाचे ठरेल. घामाघूम झालेला, डोके गरगरणारा स्वार स्वतःच धोका बनतो. उपाय जॅकेट न घालण्यात नसून उन्हाळ्याचे वेगळे जॅकेट घेण्यात आहे: छाती आणि पाठीला जाळी, खांद्याला आणि कोपराला भक्कम कापड. जाळीच्या जॅकेटचा घर्षणाचा वर्ग सहसा खालचा असतो, हे मान्य करून ते घ्यावे. जे अंगावर असते तेच वाचवते. खुंटीवर टांगलेले ‘एएए’ जॅकेट अंगावरच्या ‘ए’ची बरोबरी करू शकत नाही. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारण ३५ अंशांहून, वर गेले की उघड्या अंगावरचा वारा थंडावा देण्याऐवजी उष्णता आणतो. अशा वेळी आत ओला केलेला सुती सदरा आणि वर जॅकेट, असे जाणारा स्वार उघड्या हातांनी जाणाऱ्यापेक्षा अधिक काळ ताजातवाना राहतो. पाणी मात्र वारंवार प्यावे लागते.

सगळे एकदम घेणे जमत नसेल, तर आधी पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट, मग हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट, मग जॅकेट आणि पँट, असा क्रम मी सुचवेन. पँट शेवटी घेतली तरी सोडून देऊ नये. पायांच्या इजा अपघातांत सर्रास होतात, आणि जॅकेटवर भरपूर खर्च करून खाली पातळ पँट घालणे हा सार्वत्रिक दोष आहे.

दिसणे हेही संरक्षणच आहे

न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चमकदार किंवा प्रकाश परतवणारा कपडा घातलेल्या स्वारांना गंभीर इजेच्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट घातलेल्यांना २४ टक्क्यांनी कमी आढळला. भडक पिवळा-हिरवा रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे उजळतो, म्हणून तो दिवसा कामाचा. रात्री त्याचा उपयोग जवळपास संपतो. रात्री लागते ती समोरच्या दिव्याचा प्रकाश त्याच दिशेला परत पाठवणारी राखाडी-चंदेरी पट्टी. दोन्ही वेळी गाडी चालवणाऱ्याला दोन्ही हवे. पाठीवर पिशवी घेतली की जॅकेटच्या पाठीवरची पट्टी झाकली जाते, म्हणून एखादी पट्टी पिशवीवरही असावी. काळी काच बसवलेले हेल्मेट संध्याकाळनंतर वापरणे म्हणजे स्वतःची नजर स्वतःच कमी करणे होय.

मागे बसणाऱ्याचे काय?

चालवणारा पूर्ण सज्ज आणि मागे बसलेली व्यक्ती उघड्या हातांनी, चपला घालून, हे दृश्य मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. मागच्याच्या हातात हँडल नसते आणि समोरचा धोका त्याला चालवणाऱ्याइतका स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे पडण्याची वेळ येते तेव्हा तो सावरण्याच्या तयारीत नसतो. त्याचे डोके तेवढ्याच उंचीवरून येते आणि तो त्याच रस्त्यावर घसरतो.

मुलाला मोठ्या माणसाचे हेल्मेट आत कापड कोंबून घालू नये. कोंबलेले कापड दाबले जाते, हेल्मेट डोळ्यांवर येते किंवा मागे घसरते, आणि थर्माकोल नको त्या जागी राहतो. मुलाच्या डोक्याच्या घेराचे हेल्मेट घ्यावे आणि दरवर्षी पुन्हा मोजून पाहावे. ज्या मुलाचे पाय पायटेकणीपर्यंत पोहोचत नाहीत, त्याच्यासाठी योग्य पोशाख अस्तित्वातच नाही. त्याला मागे बसवू नये. मागे बसणाऱ्याने निघण्यापूर्वी अंगावरचे प्रत्येक लोंबते टोक, मग ते पदराचे असो, पिशवीच्या बंदाचे असो वा जॅकेटच्या कमरेच्या दोरीचे, आत खोचून घ्यावे, आणि चालवणाऱ्याने गिअर टाकण्याआधी मागे वळून मागच्या चाकाकडे एकदा स्वतः पाहून घ्यावे.